केझायाचा नसलेला नवरा

"जहाजावर विचारलं तर सांगते, लग्न झालंय. खुशाल!" ग्वेंडाबाई केझायाची जुनी नोंद भिंगातून पाहत म्हणाल्या. "नवरा कुठला आणला हो हिनं?"

टास्मानियात, होबार्टच्या दफ्तरखान्यात माझ्या टेबलाशी येणाऱ्यांना हल्ली पूर्वज इंग्लंडहून जहाजानं इथं धाडलेला कैदी निघाला की मूठभर मांस चढतं. यांच्याच आज्यांनी तो जन्मभर लपवलेला. आता दरोडेखोर सापडला तर केक वाटतात, कोंबडीचोर सापडला तर तोंड पाडून जातात.

ग्वेंडा प्लमर त्यातल्या नव्हेत. ह्युऑन खोऱ्यातल्या या सफरचंदवाल्या बाईंना पणजोबांच्या आईच्या, केझायाच्या, लग्नाची नोंद हवी होती. तिच्याशी जन्मभर संसार केलेल्या एबेल रडॉकनं आपल्या थडग्याच्या दगडाची अर्धी बाजू तिच्या नावासाठी कोरी ठेवून डोळे मिटले. लग्नाची नोंद आणा, मग नाव कोरा, असं गावच्या चर्चसमितीचं म्हणणं. बाई ऐंशीच्या, त्यांच्यामागे विचारणारं कुणी नाही.

केझाया नॉरिचला झगा चोरताना धरली गेली, तेव्हा एकोणीस वर्षांची. नवरा आहे म्हण, जरा सांभाळून राहतील, असं जहाजावर कुणा थोरलीनं शिकवलं असावं. चार वर्षांनी तिनं एबेलशी लग्नाची परवानगी मागितली. कैद्याला ती सरकारकडूनच घ्यावी लागे. नामंजूर, पहिला नवरा हयात. पुन्हा अर्ज केला. नवरा मेल्याचा दाखला आणा, असा शेरा.

"नसलेला नवरा मरणार कसा?" बाई हसल्या. "बरं झालं, मी त्या फंदातच पडले नाही. पण मग खरं सांगायचं ना हिनं."

"सांगितलं," मी म्हणालो आणि पुढची ओळ दाखवली. खोटं बोलल्याबद्दल दहा दिवस अंधारकोठडी, पाव आणि पाणी. त्याखाली लग्नाचा तिसरा अर्ज, नामंजूर. शिक्षेच्या रकान्यात ती खोटारडी ठरली. लग्नाच्या रकान्यात तेच खोटं खरं धरलं.

त्या दोघांची मुलं म्हणूनच आईच्या आडनावानं प्लमर राहिली.

शेवटी मृत्यूची नोंद काढली. केझाया प्लमर, विवाहित. नवऱ्याचं नाव माहीत नाही. खबर देणारा एबेल रडॉक. नातं, काही नाही.

बाईंनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "हे समितीला दाखवू?"

"दाखवलंत तर म्हणतील, बाई दुसऱ्याची."

"म्हणतीलच. ओळखते मी त्यांना." कोट चढवताना हाताला बाही सापडेना, ती मी धरून दिली.

सफरचंदांच्या हंगामात त्या गावावरून गेलो, तेव्हा थडगं पाहून आलो. एबेलच्या नावावर शेवाळ चढलेलं. कोरी बाजू तेवढी कुणीतरी घासून लख्ख ठेवली होती.