बाभळीवरचं गवत

अर्जुनानं उभ्या जन्मात तळाची जागा चुकवली नव्हती. कुणी विचारलं तर तो हे सांगायचाच, न विचारलं तरी सांगायचा. दिवाळी झाली की आटपाडीच्या पलीकडच्या माळावरून धनगरांची पाच-सात बिऱ्हाडं मेंढरं घेऊन निघायची, ती पार मेढ्याच्या डोंगराखाली जायची. रोज अर्जुना, या बिऱ्हाडांचा कारभारी, सगळ्यांच्या पुढं चालत जायचा आणि मुक्कामाची जागा हेरायचा. माती चिमटीत घ्यायची, गवताचं बूड बघायचं, वारा अंगावर घ्यायचा, मग बिरोबाचं नाव घेऊन भंडारा उधळायचा. भंडारा पडला की विषय संपला. त्या जागेला मग कुणी नावं ठेवायची नाहीत आणि तळ हलवायचा नाही, अशी रीत होती.

सुलाबाई, त्याची बायको, या फिरतीत कधी गेली नाही. सासू अंथरुणाला खिळलेली, मल्हारची शाळा, घराला कुणीतरी हवंच होतं. वर्षातले आठ महिने नवरा बाहेर, आणि ही माळावर एकटी पाणी वाहते आहे. डोक्यावर दोन घागरी, कमरेला एक, आणि विहीर कुठं, तर दोन टेकाडं ओलांडून. गावात पुढं कालव्याचं पाणी आलं म्हणतात. आलंही असेल, पण तोवर बाईचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. पायरी दिसली की ती आधी भिंत धरायची. मेंढरं विकली त्या दिवशी अर्जुना तिला म्हणाला होता, "सुले, आता उरल्यालं दिस एका छपराखाली काढू. आन पाण्यासाठी तुला उठावं लागनार न्हाई. शब्द हाय माजा." सुलाबाई नुसती "बगू" म्हणाली. पण त्या रात्री तिनं त्याला दूध घालून चहा दिला, एरवी कोराच असायचा.

तर असा तो शब्द. आणि तो पाळायची वेळ आली ती सांगलीत.

मल्हार वीज मंडळात वायरमन. त्याची बदली सांगलीला झाली आणि सून सोनमला विश्रामबागेतल्या एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं. म्हातारा-म्हातारीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? चौघांनी मिळून यायचं ठरलं, आणि घर शोधणं सुरू झालं.

सोनमच्या मनात विश्रामबाग भरलेली. शाळा जवळ, दवाखाना जवळ, रस्ते रुंद. जागाही चांगली मिळाली, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टचा पत्ता नाही. सुलाबाई पहिल्याच वळणावर जिन्यात बसली आणि म्हणाली, "मला हितंच ऱ्हाऊ द्या. जाता-येता भाकरी टाकत जावा." सगळे हसले, तीही हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तळमजले काही मिळेनात. एका मालकानं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि "मेंढरं-बिंढरं नाहीत ना आणणार?" म्हणून स्वतःच खो-खो हसला. मल्हारच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या, पण भाड्याचं घर शोधणाऱ्या माणसाला राग परवडत नाही.

शेवटी मल्हार म्हणाला, "आण्णा, आमी थकलो. आता तळ तुमीच निवडा."

अहो, म्हातारा असा खुलला! किती वर्षांनी त्याला कुणीतरी कारभारी मानलं होतं. दुसऱ्या दिवशी फेटा बांधून तो मल्हारच्या गाडीवर मागं बसला.

चिंचबन कॉलनी गावाच्या खालच्या अंगाला होती. ऐन वैशाखात तिथं गुडघाभर हिरवं गवत होतं. अर्जुना गाडीवरून उतरला आणि बघतच राहिला. बैठं घर, एकही पायरी नाही, अंगणात आड. आडात वाकून बघितलं तर पाणी इतकं वर, की दोरीची गरज नाही. कुंपणाला एक बाभूळ होती आणि तिच्या फांद्यांत, माणसाच्या खांद्याच्याही वर, वाळलेल्या गवताचे झुबके अडकले होते. अर्जुनानं ते मल्हारला बोटानं दाखवलं. त्यांच्या माळावर वैरण झाडावर चढवून ठेवतात, जनावरांचं तोंड पोचू नये म्हणून. साधं चिपाडसुद्धा कुणी वर विसरून जात नाही तिथं. "बग गड्या, वैरण झाडावर इसरून जात्यात ही लोकं. किती सुकाळ आसंल!"

आत मालक उभे होते. उदयसिंह, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ऊसवाले, स्वतः राहायला विश्रामबागेत. सोनम शाळेतून परस्पर आली होती. ती खोलीत फिरली आणि भिंतीपाशी थांबली. नव्या चुन्याखालून एक पिवळट रेघ चारी भिंतींवर फिरली होती, तिच्या खांद्याच्या उंचीला.

"ही रेघ कसली हो?" तिनं मालकांना विचारलं.

उदयसिंहांनी तोंड उघडलं. पण अर्जुनानं आधीच भिंतीला तळवा लावला होता. भिंत गार होती. आमच्या माळावर विहिरीच्या आतल्या अंगालासुद्धा अशी ओल सापडत नाही, असं त्याला वाटलं आणि त्यानं दुसराही तळवा भिंतीला टेकवला.

"ओल हाय पोरी ती. जित्ती जागा हाय ही. भिंतीपत्तुर पानी चढलंय जिमिनीतनं. आसल्या जागंला नशीब लागतं."

"पण मामा..."

"आगं, सारा जन्म हेच बगत आलोय मी!"

उदयसिंहांनी तोंड मिटलं. सोनम भिंतीपासून मागं सरली. सासऱ्याला तोडून बोलायची तिची रीत नव्हती. अर्जुनानं खिशातली पुडी काढली, भंडारा कपाळाला लावला आणि उंबऱ्यावर उधळला.

सुलाबाईला आणलं तेव्हा ती आधी आडाकडं गेली. काठावर बसली, वाकली, आणि ओंजळ पाण्यात बुडवून ओरडली, "आवं, हिकडं या की! हातानं घेता येतंय बगा!" कोपरापर्यंत ओली झाली, पदर भिजला, पोरीगत हसत सुटली. अर्जुनाला वाटलं, झालं, शब्द पुरा झाला. पुढचे दोन-अडीच महिने त्या घरात असे गेले की विचारू नका. सकाळी म्हातारी आडावर बसून भांडी घासायची, म्हातारा शेजारी बसून मेढ्याच्या डोंगरातल्या गोष्टी सांगायचा, आणि ती म्हणायची, "एवढं सगळं बगून आला, मला एकदा न्हाई नेलं." लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि नवरा-बायको एकमेकांशी बोलायला आता लागली होती.

श्रावणात पाऊस लागला तो उघडेना. वर धरणातून पाणी सोडलं. सांगलीची माणसं अशा वेळी एकच बोलतात, आयर्विन पुलापाशी नदीचं पाणी किती फुटांवर आलं. दुकानात तेच, बसमध्ये तेच. ज्याला त्याला आपली गल्ली किती फुटाला बुडते ते पाठ असतं. अर्जुनाला फूट ठाऊक नव्हते. मल्हार तारा तुटल्या म्हणून तिकडं डिग्रजच्या बाजूला ड्युटीवर अडकला होता, सोनम कामावर होती.

सकाळी गटारातून पाणी उलटं वर आलं. पोलिसांची गाडी भोंग्यावर ओरडत गेली. सोनमचा फोन आला, ती रडकुंडीला आली होती. "मामा, आत्तींना घेऊन आत्ताच्या आत्ता निघा. मी रिक्षा बघते."

"आगं, वड्याचं पानी हाय. दुपारपत्तुर उतरतंय." सोनम रडायलाच लागली, तसा तो "व्हय, व्हय" म्हणाला आणि फोन ठेवून बसून राहिला.

त्याचं तरी काय चुकलं, सांगा. माळावरचा ओढा तसाच असतो. अंगावर येतो, दोन तास गर्जतो, आणि तिसऱ्या तासाला त्यातून कोरडं चालत जावं. त्यानं जन्मात दुसरं पाणी पाहिलं नव्हतं. शिवाय भंडारा टाकलेला. बिरोबाला बसवलेली जागा चार इंच पाण्याला भिऊन सोडायची? कारभाऱ्यानं असं केलं असतं तर बिऱ्हाडं हसली असती.

हे पाणी गर्जलं नाही. हळूहळू, आवाज न करता वर येत राहिलं, आणि दुपार झाली तरी उतरलं नाही. आड आणि अंगण एक झालं, आणि रस्ता बुडाल्यानं सोनमची रिक्षा आलीच नाही. सुलाबाई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. "आवं," ती म्हणाली, "ह्ये आपलं पानी न्हाई वाटत." खाट हलली तेव्हा म्हातारा भानावर आला. अडलेल्या मेंढीला घेतात तसं त्यानं तिला दोन्ही खांद्यांवर आडवं घेतलं आणि बाहेर पडला. बाहेर पाणी त्याच्या छातीला होतं. ती त्याच्या फेट्याला धरून होती आणि पुन्हापुन्हा म्हणत होती, "मला सोडा आन तुमी जावा." बाभळीला धरून दोघं किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. बोट आली तेव्हा सुलाबाईचे ओठ निळे पडले होते.

मंगल कार्यालयात शेकडो माणसांत सतरंजीवर ती दोन दिवस पडून होती, मग ताप चढला, मग सरकारी दवाखाना. डॉक्टरांनी हात जोडले. जाताना तिनं पाणी मागितलं, आणि सोनमनं चमच्यानं पाजलेलं ते तिला गिळता आलं नाही. एवढंच.

दिवसकार्य झाल्यावर मल्हार म्हणाला, "आण्णा, विश्रामबागेतली ती जागा अजून रिकामी हाय. मी हो म्हनून आलोय." त्यानं विचारलं नाही, सांगितलं. अर्जुना मान हलवून बसला. तिसरा मजला आता कुणासाठी टाळायचा, हे कुणी बोललं नाही, पण तिघांच्याही मनात तेच होतं. पोरगं चिडलं असतं, ओरडलं असतं, तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. ते "आण्णा, भाकरी खावा" एवढंच म्हणायचं.

सुलाबाईच्या दोन घागरी चिंचबनातच राहिल्या होत्या. त्या आणायला अर्जुना एकटाच गेला.

मालकांनी चुना मारायला माणूस लावला होता. भिंतीवर नवी रेघ होती, आधीच्या रेघेच्या वीतभर वर, आणि चुन्याखाली ती पुसट होत चालली होती. अर्जुना कुंपणापाशी आला. बाभळीत ताजं गवत अडकलं होतं, त्यात कुणाची तरी चिंधी, एक प्लास्टिकची चप्पल. त्यानं हात वर करून ते गवत चाचपलं. आसं कसं दिसलं न्हाई मला, आँ? पानी तिथपत्तुर गेलं हुतं, ते तिथं लिवल्यालं हुतं की रं, आन मी वैरण म्हनलो!

उदयसिंह मागं येऊन उभे राहिले. त्यांचाही आवाज पडलेला होता. "त्या दिवशी तुमच्या सूनबाईनं विचारलं, तवा मी सांगनार हुतो. पण तुमीच एवढं खूश झाला, की..." अर्जुनाला त्यांचा राग आला नाही. रागवायला आतमध्ये काही शिल्लक लागतं.

एवढ्यात दारात रिक्षा थांबली. जतकडचं बिऱ्हाड होतं. पटका बांधलेला एक म्हातारा, कोंडीबा नाव, त्याची काठी टेकत चालणारी बायको आणि पोरगा. जागा बघायला आले होते. कोंडीबानं आत जाऊन भिंतीला तळवा लावला. ते बघताच अर्जुना धावत आत गेला आणि मालकांसमोरच ओरडला, "नगा घिऊ ही जागा! ती ओल न्हाई, पुराची रेघ हाय. माजी बायकू गेली हितं."

उदयसिंहांनी मान खाली घातली. पोरगा बाहेर निघून गेला. कोंडीबा मात्र जागचा हलला नाही.

"ठावं हाय, पाव्हनं," तो हळूच म्हणाला. "रिक्षावाल्यानं सांगितलं सगळं. पर हिला जिना चढवत न्हाई. आन खालची जागा दुसरीकडं आमाला कोन देतंय? लय फिरलो."

एवढ्या मोठ्या चुकीतून अर्जुनाच्या हाती एकच गोष्ट लागली होती, ती त्यानं धावत येऊन दिली, आणि ती घेऊन करायचं काय हे कोंडीबाला ठाऊक नव्हतं.

"किती वर येतं?" कोंडीबानं विचारलं.

अर्जुनानं हात छातीपाशी धरला. कोंडीबानं त्या हाताकडं बघितलं, मग बाहेर अंगणात बसलेल्या बायकोकडं.

"मंग थांबू नगा," अर्जुना त्याचा दंड धरून म्हणाला. "पुलापाशी वाढतंय म्हनलं की उचला तिला. कुनाची वाट बगू नगा. भंडारा टाकला आसला तरी उचला. ऐकतायसा न्हवं?"

"व्हय, व्हय," कोंडीबा म्हणाला. अगदी तसंच, जसं अर्जुना फोनवर सोनमला म्हणाला होता.

अर्जुना घागरी घेऊन बाहेर आला. कोंडीबाची बायको काठी बाजूला टाकून आडाच्या काठावर बसली होती. तिनं वाकून पाण्यात हात घातला आणि हरखून ओरडली, "आवं, बगा तरी! हातानं घेता येतंय की!"

कोंडीबा दारात उभा राहून तिच्याकडं बघत हसला. अर्जुनाच्या हातातल्या दोन्ही घागरी सुटल्या, आणि तो त्या बाभळीखाली मटकन बसून मोठमोठ्यानं रडायला लागला.