मशकीबाबांच्या नावावर एक चमत्कार

मशकीबाबांनी आयुष्यात एकही चमत्कार केला नाही. कातड्याच्या मशकीतून पाणी वाटलं, बस्स. पालखीतून उतरलेल्या एका सरदाराला त्यांनी गाढवाच्या मागे उभं केलं, कारण गाढव आधी आलं होतं. जाताना सांगून गेले, माझी विहीर झाकू नका.

हे मला नसीबनचाचीने सांगितलं. दिल्लीत मयूर विहारच्या मागच्या वस्तीतला त्यांचा दर्गा तीच झाडते. टँकर चुकला की वस्ती त्या विहिरीवर जगते. आणि आमच्या खात्याला सुशोभीकरणात तिच्यावरच लोखंडी जाळी ठोकायची होती. दर्ग्यापाशी लावायच्या माहितीफलकाचा मजकूर लिहिणं माझ्याकडे होतं. मी बाबांची ही शेवटची इच्छाच लिहून टाकली. खात्याच्याच फलकावर ती आली, तर जाळी कोणत्या तोंडाने बसवणार?

फाइल परत. विक्रांतसाहेबांचा शेरा: पुरावा जोडा. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. मग केबिनमध्ये बोलावलं.

"भालचंद्रजी, सूफी आहे ना? मग चमत्कार कुठाय, यार? पाणी तर माझा प्यूनही देतो."

माझं टाळकं फिरलं. तिथेच उभ्याउभ्या लिहिलं: ही विहीर झाकणाऱ्याची बढती अडते, अशी श्रद्धा आहे. याला मात्र पुरावा लागला नाही. साहेबांचं प्रमोशन तोंडावर होतं. सही झाली, जाळी रद्द.

महिन्याभरात साहेबांना बढती मिळाली आणि त्यांनी ती गावभर बाबांच्या नावाने सांगितली. झालं! नोएडापासून मानेसरपर्यंतचे शिकलेसवरलेले लोक गुरुवारी गाड्या भरून यायला लागले. कुणा दीडशहाण्याने आपला बायोडेटा विहिरीत टाकला. तीच रीत पडली.

काल गेलो, तर वस्तीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन या लोकांच्या रांगेच्या शेपटाला उभ्या. पाण्यावर कागदाचा लगदा. एकाला म्हटलं, लोक हे पाणी पितात. त्याने मलाच रांगेत यायला सांगितलं.

चाचीपाशी कबूल केलं की ती ओळ माझी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबू," ती म्हणाली, "अब जाली लगवा दो."

आज सकाळी जाळीची फाइल नव्याने काढली. संध्याकाळपर्यंत सात टेबलं फिरून ती माझ्याकडेच परत आलीय. सही एकाचीही नाही.