डावीकडचा तिसरा पट्टा

नदीवरच्या सहलीचा सातवा दिवस उजाडला, तोवर जावईबापूंनी एकवीस प्रेक्षणीय स्थळं हातावेगळी केली होती. ते विमा कंपनीचे पाहणी अधिकारी. जळक्या गोदामात शिरून काय उरलं, काय गेलं हे तासाभरात सांगण्यात त्यांची हयात गेलेली. शहरांकडेही ते त्याच डोळ्यांनी बघत. राजवाड्याला दहापैकी आठ, पुलाला सहा, आणि बाग काय कुठेही असते म्हणून बागेला तीन. बघून झालेल्या ठिकाणावर ते फुली मारत. फुली मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती येई, ती राजवाडा बघताना कधी दिसली नव्हती.

काय बघायचंय हे सासूबाईंना आजवर त्यांनी विचारलं नव्हतं आणि सासूबाईंनीही काही म्हटलं नव्हतं. गल्लीत त्यांना सगळे काकू म्हणत. लेक-जावयानं हौसेनं आणलंय, तर मुकाट्यानं बसमध्ये चढावं, मान वर करून छतं बघावीत आणि पायांना तेल चोळून झोपावं, असं काकूंनी सहा दिवस केलं.

सातव्या दिवशी त्या नाश्त्याआधीच खाली आल्या. बोटीच्या स्वागतकक्षात एक फळी होती, तिच्यावर हुक. प्रत्येक प्रवाशाला नंबराचा पितळी बिल्ला. ज्या सहलीला जायचं, त्या हुकाला तो सकाळी नऊच्या आत अडकवायचा. जावईबापूंनी तिघांचेही बिल्ले ‘राजवाडा, मनोरा, चित्रसंग्रह’ला लटकावून ठेवले होते. काकूंनी आपला काढला आणि अगदी शेवटच्या, रिकाम्या हुकाला अडकवला: ‘स्वतंत्र’.

मागून नवऱ्यासोबत आलेली लेक हबकली. “आई, एकटी कुठे जाणार तू?”

“नाट्यगृहात.”

जावईबापूंनी यादी उघडली. नाट्यगृह होतं, पण तळाशी, ‘बसमधून, बाहेरून’ असं. त्याला गुण द्यायचीही तसदी त्यांनी घेतली नव्हती. लेकीच्या मात्र लक्षात आलं आणि तिनं कपाळाला हात लावला. त्या पडद्याची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती.

एकतीस वर्षांपूर्वी या नाट्यगृहाचा मखमली पडदा काकू कामाला होत्या त्या कारखान्यात शिवला गेला. पडद्याचे दोन भाग, प्रत्येकात नऊ उभे पट्टे. डावा भाग काकूंनी शिवला, उजवा खुद्द मालकीणबाईंनी. कारखाना एवढासा, पडदा केवढा; अखंड उघडून बघायला जागाच नव्हती. घड्या घालून पाठवून दिला. महिन्याभरात नाट्यगृहाचं पत्र आलं: डावीकडचा तिसरा पट्टा बाकीच्यांहून काळपट दिसतो. म्हणजे मखमलीची लव उलटी लागली. एक पट्टा डोक्याकडून पायाकडे, बाकीचे पायाकडून डोक्याकडे.

काकू म्हणाल्या, मी प्रत्येक पट्ट्यावरून हात फिरवलाय, माझा उलटा असूच शकत नाही. मालकीणबाई म्हणाल्या, पत्रात काय लिहिलंय ते वाच. तिथून पुढे निवृत्त होईपर्यंत काकूंनी उशांचे अभ्रे शिवले. पडद्याच्या कापडाला कुणी त्यांना हात लावू दिला नाही.

“अहो आई, पडद्यात काय बघायचंय?” जावईबापू समजुतीच्या सुरात म्हणाले. “कापडच ते.”

“आणि राजवाड्यात काय बघणार तुम्ही? दगडच ना?”

टेबलामागच्या बाईनं बजावलं की स्वतंत्र जाणाऱ्यांसाठी बोट थांबत नाही, पाच म्हणजे पाच, आणि इथे सही करा. काकूंनी पूर्ण नावानं, ठसठशीत सही केली.

नाट्यगृह बंद होतं. दारवान म्हणाला, आज प्रयोग नाही, आत सोडत नाही. काकू पायरीवर बसल्या. त्यानं उठायला सांगितलं तर म्हणाल्या, पायरी बाहेरच आहे, बाहेरून बघायला परवानगी आहे. दोन तास त्या बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पडदा आपण शिवल्याचं सांगत राहिल्या. शेवटी दारवानच वैतागून रंगमंचाच्या कारभारणीला घेऊन आला. ती हातात पाना घेतलेली, रुंद खांद्यांची बाई.

“खालच्या काठात काय घातलंय?” तिनं परीक्षा घेतली.

“साखळी. कापडी खोळीत, वीतभर अंतरावर टाचलेली. नाहीतर वाजते.”

कारभारणीनं दार उघडलं.

पडदा वर गुंडाळलेला होता आणि तो खाली सोडणाऱ्या मोटारीची किल्ली जेवायला गेलेल्या माणसाकडे. तो साडेचारला येणार. इथून बोटीचा धक्का चाळीस मिनिटांवर. काकूंनी मनात हिशोब मांडला. तो कसाही मांडला तरी जमत नव्हता. त्या मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

माणूस पावणेपाचला आला. पडदा सरसरत उतरला, समोरचे दिवे लागले. काकूंनी डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन. तिसरा पट्टा खरोखरच काळपट होता, लांबूनही डोळ्यांत खुपेल इतका.

मग त्या उठल्या, बाजूच्या पायऱ्यांनी रंगमंचावर चढल्या आणि पडद्यामागे गेल्या. इथे अस्तर होतं. कारखान्यात कापड असंच पडलेलं असे, अस्तर वर, मखमल खाली. याच बाजूनं त्यांनी तो शिवला होता; त्यांचा डावा भाग इथून डावा, खुर्चीतून उजवा. त्या डावीकडे गेल्या, काठ उचलून नऊच्या नऊ पट्ट्यांवरून समोरून हात फिरवला. सगळे एकाच दिशेनं गुळगुळीत. उजवीकडे, मालकीणबाईंच्या भागाकडे गेल्या. कडेपासून तिसऱ्याला हात लावताच लव काट्यासारखी उभी राहिली.

पत्र लिहिणारा खुर्चीत बसून लिहीत होता. वाचणारे पडद्यामागे उभे होते. एकतीस वर्षांत दोन्ही बाजूंना उभं राहून बघायला कुणी आलंच नव्हतं.

फोन वाजला. लेक रडकुंडीला आली होती. शिडी काढताहेत, हे त्यांच्याशी भांडताहेत, तू आहेस कुठे.

“त्यांना भांडू नका म्हणावं. सही मी केली आहे. उद्या पुढच्या शहरात रेल्वेनं येऊन गाठते तुम्हाला.”

“आई, अगं पण रात्रभर एकटी...”

“आता फोन ठेव. मला मालकीणबाईंना लावायचाय. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण ऐकू नीट येतं.”

काकूंनी कारभारणीला पट्ट्याजवळ दिवा धरायला सांगितला, काठ एका हातानं घट्ट पकडला आणि दुसऱ्या हातानं नंबर दाबायला घेतला.