पोच येईपर्यंत

ठमीच्या हातात घास दिला, की ती तो लगेच तोंडात घालत नसे. आधी हात उंच करी, समोरच्याच्या डोळ्यांत बघे आणि विचारी, "खाऊ?" समोरून "खा" असं आलं की मगच स्वारी तोंड उघडणार. तोवर पाव हातात मऊ पडला तरी बेहत्तर. ही सवय तिला कोणी लावली, यावरून घरात रोज लुटुपुटीचं भांडण होई. आजी म्हणे आईनं, आई म्हणे बापानं, आणि बाप म्हणे, "या घरात मला कोण काय विचारतंय, की मी हिला विचारायला शिकवीन!"

परवा मात्र बापानंच "खा" म्हटलं होतं. तळहातावर चार शेंगदाणे होते. ठमीनं विचारलं, बाप हसून म्हणाला, "खा की राणी," आणि पोरीचे ओठ बघता बघता सुजले, गळ्यावर लाल चट्टे उठले. डॉक्टरीणबाईंनी औषध देऊन ते उतरवलं खरं, पण आईला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी ओठांवर निभावलं. पुढच्या वेळी घसा सुजून श्वास कोंडेल. दाण्याचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये."

म्हणून आज सकाळी तिघं लिफ्टमधून खाली उतरत असताना आईनं एका हातानं ठमीचा बूट सावरत दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पाळणाघराचं ॲप उघडलं. ठमीच्या नावापुढे लिहिलं, शेंगदाणा वर्ज्य. बटण दाबलं. लगेच हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरं आली, नोंद झाली. तिनं ॲप बंद करून फोन पर्समध्ये टाकला.

"मावशींना मी तोंडी सांगू का?" नवऱ्यानं विचारलं. पोरीला पाळणाघरात सोडायची पाळी त्याची होती.

"नको. सकाळच्या गडबडीत दहा आया दहा गोष्टी सांगतात त्यांना. या कानानं ऐकतात, त्या कानानं सोडतात. ॲपवर टाकलंय मी. हिरवं आलंसुद्धा."

"तूच केलेलं ॲप, तूच दिलेलं हिरवं," नवरा म्हणाला. "आता कोणाची टाप आहे दाणा द्यायची!"

आणि खरंच, ते ॲप तिनंच केलं होतं. म्हणजे अर्धं. तिच्या ऑफिसात कामाचे दोन भाग होते आणि त्यांना सगळे घरातलीच नावं घेऊन बोलत. लोकांच्या फोनवर, टॅब्लेटवर जे दिसतं ती ओसरी. आणि दूर कुठेतरी थंड खोलीत बसलेला सर्व्हर, जिथे खरी माहिती ठेवली जाते, ते माजघर. ओसरीवर आलेल्याचं हसून स्वागत करायचं, निरोप घ्यायचा, आत न्यायचा, आतून काय उत्तर येतं ते बाहेर सांगायचं. ओसरी तिच्याकडे होती. माजघर सांभाळायला एक पिकल्या केसांचा, जाड चष्म्याचा माणूस होता. त्यालाच सगळे माजघर म्हणत, आणि तो तिला ओसरीबाई.

दोघांचं एका गोष्टीवरून वाजलं होतं. बटण दाबलं की निरोप माजघरात जाऊन परत यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ पडद्यावर चक्र फिरत राही. तिला ते चक्र बघवत नसे. "एका कडेवर मूल, दुसऱ्या हातात डबा, आणि बाई चक्राकडे बघत उभी! नाही जमणार. बटण दाबलं की लगेच हिरवं दाखवायचं. निरोप मागाहून जाईल की."

"आणि गेलाच नाही तर?" माजघरनं विचारलं होतं.

"शंभरातून एकदा नाही जाणार. मग परत पाठवू, गुपचूप. कशाला घाबरवायचं लोकांना?"

"पोच आल्याशिवाय 'झालं' म्हणू नये गं. तुझ्या पडद्याला पोचच नाही."

यावर सगळं ऑफिस हसलं होतं, कारण माणसाला पोच नाही म्हणजे त्याला अक्कल नाही, हे तिथल्या शिपायालाही कळत होतं. पण ऑफिसच्या मोठ्या बाईंनी निकाल तिच्या बाजूनं दिला. लोकांना ॲप आवडलं. किती झटपट आहे म्हणाले.

आज ती खुर्चीत टेकते न टेकते तोच माजघर तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा थट्टेचा नव्हता.

"तक्रार आली आहे. एका बापानं काल ॲपवर भरलं, की मुलाला न्यायला आत्या येणार. पाळणाघरात तशी नोंदच नाही. मूल दिलं नाही त्यांनी. आत्या फाटकाशी रडत उभी."

"भरलंच नसेल त्यानं. आता म्हणतो भरलं."

"हिरवं दिसलं म्हणतो."

"मग झालं असणार."

"ये इकडे." त्यानं तिला आपल्या पडद्यासमोर नेलं. माजघराच्या दारात येणाऱ्या प्रत्येक निरोपाची तिथे एक ओळ उमटत असे. त्या बापाची ओळ नव्हती. "इथे कुणी आलंच नाही. मी त्याला फोन केला. म्हणाला, तळघरात गाडी लावता लावता भरलं. तिथे कसली रेंज! तुझ्या पडद्यानं 'झालं' म्हणून पाठ थोपटली आणि निरोप तळघरातच राहिला."

"पण आपण परत पाठवतो ना..."

"ॲप उघडं असेपर्यंत. त्यानं बंद केलं. काम झालं म्हटल्यावर कोण उघडं ठेवतं?"

तिला काहीतरी खमकं उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलंही. पण शब्दाऐवजी डोळ्यांसमोर लिफ्टची पत्र्याची भिंत आली, ठमीचा सुटलेला बूट आला, आणि हिरवी खूण.

"माझी ठमी बघा," ती म्हणाली.

"काय?"

"ठमीचं पान काढा. माजघरातलं. आत्ता!"

त्यानं बोटं चालवली. नाव, वय, आईचा फोन, बापाचा फोन. वर्ज्य पदार्थ या शब्दांपुढे कोरी जागा होती.

तिनं आपला फोन उघडला. तिच्या फोनवर तिथेच ठसठशीत अक्षरं होती, शेंगदाणा वर्ज्य. शेजारी हिरवं. दोन पडदे शेजारी शेजारी, आणि दोघांचं दोन तोंडांनी बोलणं.

"तुझ्या फोननं आपल्यापुरतं लिहून ठेवलंय," माजघर हळू म्हणाला. "जगाला माहीत नाही."

तिनं पाळणाघराला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. खाऊची वेळ झाली होती, आणि खाऊच्या वेळी मावशींचा फोन कपाटात असे. मुलांकडे लक्ष राहावं म्हणून पालकसभेत हा नियम झाला, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तिनंच वाजवल्या होत्या. आजचा खाऊ काय, तेही तिला पाठ होतं, ते ॲपवरच तर लिहिलं होतं. पाव, आणि त्यावर शेंगदाण्याचं बटर.

"लिहा! तुम्हीच लिहा आतून!"

"लिहिलं बघ." कोरी जागा भरली. "पण मावशींचा टॅब्लेट सकाळी उघडला तेव्हाचंच धरून बसलाय. त्यानं मला विचारल्याशिवाय मी त्याला सांगू शकत नाही. आपलं माजघर असंच बांधलंय बाई, विचाराल तेवढंच बोलतं. आपणहून कुणाला हाक मारत नाही."

"मग त्याला विचारायला लावा!"

"कसं?"

तिनं पर्स खांद्याला अडकवली. दाराकडे जाता जाता ती म्हणाली, "मावशींना बाहेर काढा. त्यांचं लॉगिन रद्द करा. त्यांनी कुठल्याही बटणाला हात लावला, की 'ओळखत नाही' म्हणा. माझा पडदा दुसऱ्या कशाला दाद देत नाही, पण माजघरानं ओळखत नाही म्हटलं की मुकाट दार दाखवतो. परत आत येतील तेव्हा सगळं नवं दिसेल."

"आणि त्यांनी बटणाला हात लावलाच नाही तर?"

उत्तर द्यायला ती खोलीत नव्हतीच.

पाळणाघर दोन गल्ल्या पलीकडे होतं. जवळ म्हणूनच तर निवडलेलं. आज त्या गल्ल्या संपता संपेनात. वळणावर सामानाचा टेम्पो आडवा उभा होता, ती त्याच्या आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरून निघाली. कुणीतरी मागून ओरडलं, "अहो बाई, जरा बघून!" कानाशी फोन वाजतच होता, कपाटात, बंद दाराआड. "खाऊ नको गं," ती पळता पळता पुटपुटत होती, "राणी, खाऊ नको, मी येतेय," जणू ते तिकडे ऐकू जाणार होतं. हाही निरोप पोच नसलेलाच.

पाळणाघराच्या दारात पाऊल टाकलं आणि नाकात दाण्याचा खमंग वास शिरला.

मावशी दाराकडे तोंड करून टॅब्लेटशी झटापट करत उभ्या होत्या. "घ्या! आलात तुम्ही! बघा तुमच्या ॲपचे प्रताप. पहिल्याच पोराच्या नावापुढे खाऊ दिल्याची खूण केली आणि मला हाकलून दिलं! माझ्याच घरातून! वर पासवर्ड विचारतंय. तो काय मी डोक्यात घेऊन फिरते होय?"

मावशींच्या पाठीमागे बुटक्या टेबलाभोवती मुलं बसली होती. मदतनीस ताईनं ताटल्या केव्हाच वाटल्या होत्या. कुणाच्या गालाला बटर, कुणाच्या नाकाला. टेबलाच्या टोकाला ठमी. तिचा हात वर होता, हातात पावाचा तुकडा, आणि नजर मावशींच्या पाठीवर.

"खाऊ? मावशी, खाऊ?"

किती वेळ विचारत होती कोण जाणे. आवाजाला रडवेली धार आली होती. मावशींनी मागे वळूनही न बघता रोजच्या सवयीनं तोंड उघडलं, "हो गं बाई, ख..."

"नको!"

आईच्या ओरडण्यानं सगळी मुलं जागच्या जागी थिजली. ती टेबलावरून जवळजवळ आडवी झाली आणि तुकडा ठमीच्या हातातून काढून घेतला. पावाची कड शाबूत होती. तिनं पोरीचं तोंड उघडून आत बघितलं, ओठ बघितले, गळा बघितला. मग उचलून मोरीत नेलं आणि बोटं एकेक करून साबणानं चोळली. खाऊ हिसकावला, वर आई ओरडली, म्हणून ठमीनं टाहो फोडला. इतकं खणखणीत, मोकळ्या घशाचं रडणं. आई ते ऐकत राहिली. मोकळ्या घशाचं.

तोवर ताईनं पासवर्ड शोधून दिला होता. मावशी टॅब्लेट घेऊन मोरीच्या दाराशी आल्या. पडद्यावर ठमीच्या नावावर लाल पट्टी होती. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"हे सकाळी नव्हतं हो. मी रोज बघते. शपथ घेऊन सांगते, नव्हतं!"

"नव्हतंच, मावशी. तुमचं काही चुकलं नाही. माझं हिरवं खोटं होतं."

मावशींना त्यातलं काय कळलं देव जाणे. त्यांनी पदरानं ठमीचं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला तोंडानं सांगत जा गं. मी 'हो' म्हणेपर्यंत जायचं नाही."

पर्समध्ये फोन वाजला. माजघर.

"पोचलीस?"

नुसताच श्वास गेला तिकडे. त्यानं फोन ठेवला नाही, थांबून राहिला.

"पोचले," ती शेवटी म्हणाली.

"आणि ठमी?"

"खाल्लं नाही. मावशी पासवर्ड शोधत होत्या, आणि ही बसली विचारत. खाऊ का, खाऊ का."

तिकडून घसा साफ केल्याचा आवाज. "पोरीला पोच आहे. बापावर गेली असणार."

ती हसली, आणि हसता हसताच मोरीच्या ओल्या कट्ट्यावर टेकून रडली. "मोठ्या बाईंना सांगा, मी येतेय. आज आधी चक्र परत आणणार. फिरू दे खुशाल."

"आणि लोक कुरकुरले तर?"

"कुरकुरू देत. पोच येईपर्यंत थांबतील."

फोन ठेवून ती टेबलाशी आली आणि लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन बसली. मावशींनी धुतलेल्या बशीत केळ्याचे काप आणून ठेवले. ठमीनं एक काप उचलला, हात उंच केला. डोळे अजून ओलेच होते.

"खाऊ?"

रोज ती चटकन, न बघताच उत्तर देत असे. आज तिनं काप हातात घेतला, वास घेतला, मावशींच्या पडद्यावरची लाल पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा वाचली. ठमी हात पसरून थांबली होती. तिला थांबायची सवयच होती.

"खा," आई म्हणाली.