दोन पोती वाळू

आमच्या घरातून बाहेर पडायला एकच वाट आहे, आणि त्या वाटेवर सहा वर्षं म्हैस उभी होती.

म्हैस म्हणजे गाडी. काळी, चौकोनी, थोराड, दोनच दारांची. हल्ली असल्या गाड्यांना एसयूव्ही म्हणतात. ही त्या नावाच्याही आधीची. खाली बाबांचं गॅरेज, वर आम्ही, आणि जिना उतरतो तो थेट गॅरेजात. म्हैस आणि भिंत यांच्यामधून अंग आडवं करूनच जाता येई. सहा वर्षं मी माझ्या घरातून सरळ चालत बाहेर पडलेले नाही. सवय इतकी जडली की मोकळ्या रस्त्यावरही मी एक खांदा पुढे काढून चालते, असं समोरचा शिंपी म्हणतो.

गाडी एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला आणली आणि खालचा गंज बघून आमच्याच गळ्यात टाकली. बाबा म्हणाले, आपण उभी करू हिला. आईचे गुडघे तेव्हा नुकतेच गेले होते. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून ती जिना कशीबशी उतरे, पण पुढे रस्त्यावर चार पावलं टाकणं होत नसे. तिला गाडीतून हिंडवायचं, एवढाच बेत. मी नुकतं वेल्डिंग शिकले होते. अंगाने किरकोळ, त्यामुळे गाडीखालच्या कुठल्याही सांदीत शिरायचे. बाबा मला मुंगी म्हणतात ते तेव्हापासून.

गंज दिसतो तेवढाच कधीच नसतो. फरशीचा पत्रा कापला तर खालची चासी भुसभुशीत निघाली. चासीला ठिगळ मारलं तर दाराखालची पट्टी हातात आली. मी पाठीवर पडून ठिणग्या झेलायचे आणि वरून बाबा म्हणायचे, "एवढं झालं की संपलं बघ." माझ्या बरोबरीच्या एकेक करून कुठेकुठे गेल्या. मी माझा विषय काढला की बाबांचं उत्तर ठरलेलं, "गाडी होऊ दे, मग जा." त्यांची बोटं आता थरथरतात, वेल्डिंगची शिवण सरळ येत नाही. आई वर एकटी. जाऊ नकोस असं मला कुणी कधी म्हणालं नाही. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी गंज संपला, रंगही लागला. मी गुपचूप एका कारखान्यात अर्ज केला. बसच्या बॉडी बनवतात तिथे, गाव दिवसभराच्या अंतरावर. वेल्डरच्या जागेसाठी हाताची परीक्षा होती, म्हणून बाबा जेवायला वर गेले की मी भंगार पत्र्याच्या तुकड्यांवर शिवणी घालत बसायचे. आणि त्याच सुमारास बाबांनी नवीन टूम काढली.

"आता खाली घेऊ हिला," ते म्हणाले.

"खाली म्हणजे?"

"चार बोटं खाली बसवू. जोर हिचा फक्त मागच्या चाकांना. डोंगर चढणारी नाहीच ही, नुसता आव आहे. मग एवढं उंच राहून करायचंय काय?"

दुष्काळात तेरावा महिना! माझं डोकंच फिरलं. "त्यानंतर काय?" मी म्हटलं. "शिंगं बसवायची?" बाबा पाना शोधायला लागले. मला खात्री पटली की हा माणूस ही गाडी मरेपर्यंत पुरी करणार नाही, आणि मी तिच्याखालीच म्हातारी होणार.

परीक्षेच्या दिवशी मैत्रिणीकडे जाते अशी थाप मारून मी गेले. संध्याकाळी परत येऊन बघते तो म्हैस खाली बसलेली. बाबांनी दिवसभरात एकट्याने पुढचे बोल्ट सैल करून नाक उतरवलं होतं आणि मागच्या स्प्रिंगच्या कमानीतला एक पाटा काढून टाकला होता. पुढच्या दोन्ही सीटवर वाळूची पोती होती. ही त्यांची जुनी पद्धत. रिकामी गाडी खोटं बोलते, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. घरात माणसं किती ते विचारतात, तेवढी पोती गाडीत ठेवतात, रात्रभर तशीच बसू देतात आणि मग उंची मोजतात. मला त्या दिवशी पोत्यांचं काही वाटलं नाही. काम एका दिवसात उरकलं, याचाच आनंद.

मग कारखान्याचं बोलावणं आलं. मी वर जाऊन दोघांना सांगितलं, सोमवारी सकाळी हजर व्हायचंय, नाही गेले तर पुढच्या नंबरच्या माणसाला घेतील. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. बाबा "बरं" म्हणाले आणि खाली जाऊन हॉर्न वाजतो का ते बघायला लागले. त्या "बरं"चा मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

रविवारी अकराची बस होती, तिकडे जाणारी एकच. सकाळी आईने जाहीर केलं, "आपणच सोडू हिला स्टँडवर. गाडीची पहिली फेरी हीच."

"स्टँड काय लांब आहे? ती जाईल चालत," बाबा म्हणाले. "आपण दोघं नंतर निघू."

"लेक घर सोडून चाललीय आणि ती चालत जाईल? काहीतरीच तुमचं! तिघं जायचं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि किल्ली घेतली. सोडायलासुद्धा यायचं नाही यांना, मी मनात म्हटलं. जिन्यासमोर दार उघडण्यापुरती जागा आहे, तिथून मी मागे शिरले, बॅग मांडीवर घेतली. मग आई आली. पूर्वी एकदा तिला गाडीत चढवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा मी खालून रेटत होते, बाबा वरून ओढत होते, आणि शेवटी ती रडली होती. आज ती पाठमोरी झाली, खुर्चीत बसावं तशी सीटवर बसली आणि हाताने एकेक पाय उचलून आत घेतला. कुणी हात लावला नाही.

गॅरेजच्या दारात बाबांनीच ओतलेला सिमेंटचा उंबरा आहे, रस्त्यावरचं पाणी आत येऊ नये म्हणून. पुढची चाकं त्यावरून अलगद उतरली. "अगंबाई!" आई म्हणाली. मग पोटाखाली खर्रकन आवाज झाला आणि म्हैस थांबली.

बाबांनी रेस केली. मागची चाकं तेलकट फरशीवर जागच्या जागी गरगरली. पुढची बाहेर कोरड्या रस्त्यावर होती, पण त्यांच्यात जोरच नाही. रिव्हर्स टाकला, तेच. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात, आमचा हत्तीच दारात राहिला.

मी म्हटलं, उतरू या. पण दोन्ही दारं नेमकी गॅरेजच्या दोन खांबांच्या मध्ये आली होती. आईचं दार बोटभर उघडून खांबाला टेकलं, बाबांचं तेवढंही नाही. मागच्या फाळक्याची कडी बाहेरून. ती काढायला कुणी गॅरेजात यायला हवं, आणि गॅरेजात यायची वाट आम्हीच बुजवून बसलो होतो.

समोरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावत आला. उंटावरचा शहाणा. पुढच्या काचेपाशी वाकून ओरडला, "मिस्त्री, हँडब्रेक काढा!"

"काढलाय."

"मग एकदा लावून बघा!"

त्याने मागोमाग चार माणसं गोळा केली. त्यांनी पुढून आत ढकलून पाहिलं. गाडी इंचभरही हलली नाही. काचा तापायला लागल्या, नव्या रंगाचा वास नाकात बसला, आणि बॅगेच्या वजनाने माझ्या मांड्या बधिर झाल्या. शिंप्याने मनगटावरचं घड्याळ काचेला लावून मला दाखवलं. जसं काही मला माहीत नव्हतं.

आई मात्र मजेत होती. "अगं, चष्म्यांचं दुकान गेलं वाटतं? तिथे केस कापायचं आलंय. आणि हे झाड केवढं झालं!" तिला वरच्या खिडकीतून फक्त छपरं दिसतात. दारात अडकलेली गाडी हीच तिची सहल झाली होती. तिच्याकडे बघून माझा राग निवायला हवा होता, पण झालं उलटंच.

"सहा वर्षं!" मी बाबांच्या मानेकडे बघून ओरडले. "गंज काढा, ठिगळं मारा, रंग लावा! आणि ते संपलं तर हे खाली घ्यायचं खूळ. कुणी सांगितलं होतं? तुम्हाला मला जाऊ द्यायचंच नव्हतं. तसं तोंडाने सांगायचं होतंत एकदा!"

"अगं, हळू. लोक बघतायत," आई म्हणाली.

"बघू देत! काचेच्या पेटीतच तर बसवलंय मला."

बाबांनी मान वळवली नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. "मागची काच सरकव," ते म्हणाले. "तुझ्या बाजूची. बॅग बाहेर टाक, आणि तूही निघ. मावशील तू."

"मी निघून काय होणारे?"

"तू उतर. गाडी वर येईल."

मी काच सरकवली. बॅग गॅरेजात टाकली, मग डोकं, मग एक खांदा पुढे. बाकीचं अंग सवयीने आलं. गाडी आणि भिंत यांच्यामधल्या त्याच फटीत मी उतरले. माझे पाय फरशीला टेकले तशी गाडीची मागची बाजू वर आली, दोन बोटं असेल नसेल. बाबांनी हळूच क्लच सोडला. मागच्या चाकांखालचं तेल एवढ्यात पुसलं गेलं असावं. म्हैस उंबऱ्यावरून जराही न घासता रस्त्यावर गेली आणि बाहेर टाळ्या पडल्या.

गॅरेजात ऊन आलं. ते रिकामं मी इतक्या वर्षांनी बघत होते. म्हैस उभी होती तिथे तेलाचा काळा चौकोन, आणि भिंतीला टेकून ती दोन पोती.

दोनच.

घरातली माणसं मोजल्याशिवाय बाबा उंची धरत नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं की सासूबाई वर्षातून एकदाच येतात, तरी ते सासूबाईंचं पोतं ठेवतात. आणि स्वतःच्या घराची दोन. मी तिथेच उभी राहून हिशेब केला, आणि ज्या दिवशी त्यांनी ही पोती भरली त्या दिवशी मी कुठे होते ते मला आठवलं. चालत जाईल ती, आपण दोघं नंतर निघू, हे ते का म्हणाले तेही कळलं.

मी बॅग घेऊन सरळ चालत बाहेर आले. बाबा रस्त्यावर गुडघे टेकून गाडीच्या पोटाला काय झालंय ते बघत होते.

"पोती दोनच का भरली?"

"किती भरायची मग?" ते खालूनच म्हणाले. "आम्ही दोघंच ना?"

"तेव्हा मी तुम्हाला काही सांगितलंही नव्हतं."

"भंगारात तुझे तुकडे सापडले. गाडीखाली इतकी सरळ शिवण घालतं का कुणी? अशी परीक्षेला घालतात." ते उठले, गुडघे झटकले. "म्हटलं, तू गेल्यावर आईला गाडीत कोण चढवणार? माझ्या एकट्याच्याने होत नाही. मग गाडीच खाली आणली."

"बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

आईने खिडकीतून हात बाहेर काढला. "मी आज एकटी बसले, बघितलंस ना?" ती म्हणाली.

मला रडू आलं, शिंप्यासमोर आणि त्या चार माणसांसमोर. मी जिथे अडकले म्हणून दात खात होते तिथून मला कधीच मोकळं करून झालं होतं, आणि ते मला समजलं नव्हतं. रागही आला, कारण आता रागवायला कुणी उरलं नव्हतं. इतकी वर्षं तो राग मला फार उपयोगी पडला होता.

"बस जाईल," शिंपी म्हणाला. त्याने स्कूटर काढली. म्हशीत परत बसायचं नव्हतंच, कोपऱ्यावर गतिरोधक आहे. बाबांनी बॅग स्कूटरवर पुढे ठेवली, पट्टा दोनदा ओढून बघितला. मी मागे बसले.

"येणार असशील तेव्हा आदल्या दिवशी कळव," ते म्हणाले. "तो पाटा परत घालावा लागेल. नाहीतर पुन्हा दारात अडकायची."

"पाटा काढायला एक माणूस पुरतं, बाबा. घालायला दोन लागतात."

त्यांनी खिशातून फडकं काढलं, बोटं पुसली, फडकं पुन्हा खिशात ठेवलं.

"मग आदल्या दिवशी ये," ते म्हणाले.