लग्नाच्या बाजूचा माणूस

बाहीच्या कफाचं एक बटण निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं, बाकीची काळ्या. समोरच्या फादरांचा हात कागदावरून उजवीकडे सरकला की ते टेबलाच्या कडेला टेकायचं आणि तिची नजर त्याच्यामागे जायची — घरात काळा दोरा संपला असेल, की दिव्याच्या उजेडात फरकच कळला नसेल… आणि दुसऱ्यांच्या लग्नाबद्दल इतकं खोदून विचारणाऱ्या माणसाला बटण लावून द्यायला कुणी नाही, याची तिला थोडी गंमतच वाटली. तेवढ्यात त्यांचा प्रश्न विचारून झाला होता आणि तिला तो ऐकूच आला नव्हता. लोकांचे कान तपासण्यावर जिचं पोट चालतं, तिला.

"पुन्हा विचारतो," फादर म्हणाले. "लग्नाआधी तुमचे पती कधी असं म्हणाले होते का, की नाही जमलं तर वेगळे होऊ?"

"माझ्यापाशी नाही."

शेजारच्या टेबलावर नोटरीबाईंनी ते टाइप केलं. मघाशी बायबलवर हात ठेवून तिनं शपथ घेतली तेव्हाही बाईंचा चेहरा असाच होता, भाजी निवडणाऱ्या माणसासारखा. तिला तो आवडला. दुपारी दवाखान्यात दोन म्हातारे तपासायचे होते, त्याआधी हे उरकलं की झालं.

घटस्फोट कधीचाच झाला होता. तो कसा सुटसुटीत होता! दोघांची संमती, भांडण नाही, एका सकाळी नाव पुकारलं गेलं, न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, स्वखुशीनं करताय ना — ती हो म्हणाली, तो हो म्हणाला, लग्नात तरी याहून जास्त काय बोलले होते दोघं — आणि बाहेर येऊन मागवलेला चहा गार व्हायच्या आत तिला आपण कोण हे नव्यानं ठाऊक झालं होतं. रडू येईल म्हणून पर्समध्ये जास्तीचा रुमाल ठेवला होता. तो घडी न मोडता घरी आला.

आता हे. त्याला पुन्हा लग्न करायचं होतं, बालवाडीच्या एका शिक्षिकेशी, आणि चर्चमध्येच. पण कोर्टानं मोडला होता तो सरकारदरबारचा संसार. वेदीसमोरचं लग्न चर्चच्या लेखी कुणालाच मोडता येत नाही. फार तर एवढंच तपासता येतं, की ते मुळात झालं होतं का. म्हणून त्यानं चर्चच्या न्यायासनाकडे अर्ज केला होता आणि दोष सगळा स्वतःकडे घेतला होता: वडील आईला टाकून गेले, त्यामुळे लग्न जन्मभराचं असतं हे आपल्याला कधी पटलंच नाही, 'हो' म्हणतानाही मनातलं एक दार आपण उघडं ठेवलं होतं. धाकट्या दिरानं तशी साक्षही दिली होती. सभ्यपणे लिहिलेला अर्ज होता. तिच्याबद्दल वाकडा शब्द नाही.

"अगं, चूक माझी असं तोच म्हणतोय ना," ताई काल फोनवर म्हणाली होती, "मग तू कशाला मध्ये तोंड घालतेस? बरं म्हण आणि मोकळी हो. उद्या तुलाही कुणी भेटला तर?"

"मला कोण भेटणार ताई. बहिरे भेटतात."

"तुला प्रत्येक गोष्टीची चेष्टा सुचते."

मुलीनं जेवताना विचारलं होतं, म्हणजे तुमचं लग्न झालंच नव्हतं? मग अल्बममध्ये केक कापताना कोण आहे, डुप्लिकेट? दोघी हसल्या. मग बऱ्याच वेळानं, ताटातून मान वर न करता, "आणि मी?" तो प्रश्न तिनं आज आल्या आल्या फादरांसमोर ठेवला होता. निकाल काही लागो, ते म्हणाले, मुलीच्या नावाला, हक्काला कसलाही धक्का नाही, ती लग्नातलीच मुलगी. लग्न नसलं तरी मुलगी लग्नातली… यात जास्त डोकं घालायचं नाही असं ठरवून ती बरं म्हणाली होती.

"त्या दिवशी, समारंभाआधी, तुमची भेट झाली होती?"

दवाखान्यात आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून बसलेली माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात, रोज दाबतात, आणि ती खोटं बोलत नसतात. वाट बघून बघून त्यांना खरंच ऐकू येतं. उलट प्रकारही असतो. ऐकू आलेलं असतं, तिला चेहऱ्यावर दिसतं, आणि बाहेर आल्यावर माणूस छातीठोकपणे सांगतो, काहीच नव्हतं हो.

"आठवून सांगा, घाई नाही," फादर म्हणाले. "तुमचं सगळं म्हणणं मग विवाहबंधनाच्या रक्षकांकडे जाईल."

"ते कोण?"

"ते लग्नाची बाजू मांडतात. तुमची नाही, अर्जदारांची नाही. हे लग्न खरं होतं असं म्हणायला फाइलीत जे काही सापडेल ते पुढे ठेवायचं, हेच त्यांचं काम. वयस्कर फादर आहेत, सध्या सर्दीनं बेजार झालेत."

"आणि फाइलीत काहीच नसलं तर?"

"तर ते काय करणार? त्यांना बाकी कुठून कळायचं?"

लग्नाची बाजू. कोर्टात त्याचा वकील होता, तिचा वकील होता, मुलगी कुणाकडे किती दिवस हे बघणारी एक बाई होती. लग्नाचं म्हणून कुणी नव्हतं तिथे, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. इथे नाक पुसत बसलेला एक म्हातारा होता, त्याच्या हातात काहीच नव्हतं, आणि तिला त्याची उगाचच दया आली.

तिनं मनातल्या मनात सांगून बघितलं: …मी फुलांच्या खोलीत होते. वेदीच्या मागे, जिथे फुलदाण्या धुतात. ताई तोंडात पिना धरून माझा पदर बसवत होती आणि तो मागच्या दारानं आला. ताई पिनांमधूनच ओरडली. तो तिथल्या पालथ्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "बाबाही असेच नीट कपडे करून उभे राहिले असतील, नाही?" मी म्हटलं, "भीती वाटते?" तर म्हणाला, "वाटते. म्हणूनच आलो. जायचं असेल तर आत्ता जावं. नंतर जाणं फार वाईट, ते मी बघितलंय." ताई बाहेर गेली. तो बसला होता, मी उभी होते, नळ गळत होता, आणि मी एक शब्दही बोलले नाही, खरंच नाही, त्याचं त्यालाच ठरवू दिलं. मग तो उठला. "नाही जात. कधीच नाही. तू गेलीस तरी मी इथेच सापडेन." बादली ओली होती. पाठमोरा निघाला तेव्हा पॅन्टवर मोठा गोल डाग होता, तसाच तो वेदीसमोर उभा राहिला, आणि मी इतकी हसत होते की लोकांना वाटलं, पोरीला आनंद झालाय. झालाच होता.

आणि अकरा वर्षांनी गेला तो पुढच्या दारानं, दोन बॅगा घेऊन. ते कोर्टाला माहीत होतं. कोर्टाला तेवढंच पुरलं होतं.

हे सांगितलं तर त्याचं ते 'हो' खरं ठरेल आणि त्याचं अडेल. ती बालवाडीची बाई, जिचं तिनं कधी वाईट चिंतलं नाही, लटकून राहील. आणि नाही सांगितलं तर त्या खोलीत कुणी आलंच नव्हतं, बादलीवर कुणी बसलंच नव्हतं, असं शपथेवर कायमचं ठरेल. ती इथे येताना हे सगळं त्याला देऊन टाकायच्या तयारीनं आली होती, जुनं कपाट द्यावं तसं. तिला तो परत नको होता. त्याची आठवणही फारशी येत नव्हती. मग आता ते देववत का नव्हतं?

अर्जात बादली नव्हती. वडील होते, भाऊ होता, मनातलं दार होतं, पण ते मागचं दार नव्हतं. तो विसरला असेल? विसरला असेल तर बिचारा. पण आठवत असेल, आठवत असताना, टेबलाशी बसून, चांगल्या अक्षरात, त्यानं तेवढंच गाळलं असेल तर…

"भेट झाली होती का?" फादरांनी विचारलं.

"झाली होती," ती म्हणाली आणि थांबली.

नोटरीबाईंनी तेवढं टाइप केलं आणि हात यंत्रावर तसेच ठेवून तिच्याकडे बघितलं. तिचे कान तापले होते. कोर्टात सही करताना आला नव्हता, दोन बॅगा दारातून जाताना आला नव्हता, तो राग आता आला होता, सणसणीत, पायापासून डोक्यापर्यंत, बायकोला नवऱ्याचा येतो तसा.