न दुखणारे डाग

पोहायला शिकवणाऱ्या सरांच्या पाठीवर पहिला डाग उठला तो निळसर-जांभळा, आपटल्यावर उठतो तसा.

"कुठे धडकलात?" बायकोनं विचारलं.

"कुठेच नाही."

तिनं दाबून पाहिलं. दुखत नव्हतं. मग खांद्यावर दुसरा आला, छातीवर तिसरा.

तलावाच्या काठावर उघड्या अंगानं उभ्या राहणाऱ्या माणसाचं काय लपणार? मुलांना सोडायला येणाऱ्या आयांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकीनं तर विचारलंच, "सर, घरी भांडणबिंडण झालं की काय?" सरांनी ते घरी येऊन हसत हसत सांगितलं. बायकोला हसावं की रडावं कळेना. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एकच घोळायचं: हे कुठेतरी पडतात आणि आपल्याला सांगत नाहीत का?

मलमांनी काही झालं नाही. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी डागाचा बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि अहवाल येताच दोघांना रक्ताच्या डॉक्टरबाईंकडे धाडलं.

"हा रक्ताचा कॅन्सर आहे," बाई म्हणाल्या. "फार क्वचित होणारा. आधी कातडीवर दिसतो. पण तुमच्या हाडांच्या मज्जेतही पोचलाय, आणि तो झपाट्यानं वाढतो."

"अहो, मी सकाळीच पोहून आलोय!" सर म्हणाले.

आजाराचं नाव इतकं लांबलचक होतं की बायकोच्या हातून ते अर्ध्यातच निसटलं.

औषधं सुरू झाली. ताप आला, पाय सुजले, केस गेले. डाग मात्र पुसट होत होत चक्क नाहीसे झाले. सरांची धाकटी बहीण दवाखान्यात भेटायला आली ती खूशच झाली. "दादा, बरा झालास की!"

डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली. "हा बहुतेक वेळा परत येतो आणि मग औषधांना दाद देत नाही. आत्ता दबलाय, तोवरच दुसऱ्याच्या मूळपेशी, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, द्यायला हव्यात. त्यातही जिवाला धोका आहेच."

"म्हणजे आजार गेला म्हणून उपचार करायचे?" बहिणीनं विचारलं.

"गेला नाही. दिसत नाहीये."

बहिणीच्या पेशी जुळल्या. सर का-कू करायला लागले, तशी ती म्हणाली, "लहानपणी माझं सगळं ओढून घ्यायचास. आता मी देतेय तर नको?"

पेशी रुजल्या. पण थोड्याच दिवसांत सरांच्या हातापायांवर लाल पुरळ उठलं. बायकोनं तडक बाईंना गाठलं.

"हा तो आजार नव्हे," बाई म्हणाल्या. "बहिणीच्या पेशींना यांचं शरीर परकं वाटतंय, म्हणून त्या हल्ला करताहेत. थोडंसं चालेल. उरलासुरला कॅन्सरही त्याच हुडकून मारतात. वाढलं तर मात्र आवरावं लागेल."

बहिणीचा फोन आला. "वहिनी, म्हणजे मीच त्याला त्रास देतेय का गं?"

"हो. नाही. अगं, मला तरी काय कळतंय!" बायको म्हणाली, आणि दोघी एकदमच रडायला लागल्या.

पुरळ वाढलं, मग औषधांनी बसलं. सर घरी आले. पुढच्या वर्षी एका तपासणीनंतर बायकोनं धीर करून बाईंना विचारलं, "म्हणजे बरे झाले?"

"तसं अजून म्हणवत नाही. पण आज कुठे काही सापडलं नाही."

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "नक्की काय म्हणाल्या?" शेजारीच तर बसले होते.

"मलाही नीट उमगलं नाही," ती म्हणाली. "चला, आधी काहीतरी खाऊ. मला जाम भूक लागलीय."